अमावस्येनंतरचा ब्रेक

कमलनं पेडलवर पाय नुसता टेकवला होता. झोपलेल्या माणसाला उठवायला खांद्याला हात लावावा, इतपत. पण इंदूरच्या छत्रीबागेतल्या गल्लीच्या तोंडाशीच पिकअपचं मागचं उजवं चाक जागच्या जागी रुतलं. गाडीनं शेपटी झटकली, मागच्या डाल्यातला, म्हणजे उघड्या हौद्यातला, गवताचा भारा येऊन केबिनवर आदळला आणि डॅशबोर्डवरचा गणपती तिच्या मांडीत पडला.

पोह्यांच्या ठेल्यावरचा माणूस झारा उगारून ओरडला, "काकी! सुबे-सुबे किसको मारोगे?"

"तुलाच. पोह्यांवर जिरावन मसाला कमी घालतोस."

"अरे तो मुंह से बोल दो ना! ब्रेक मारके क्या समझा रहे हो?"

आजूबाजूचे चार जण हसले. कमलही हसली, सवयीनं. गणपती उचलून जागेवर ठेवला आणि गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली. पुढच्या वळणावर पाय आणखी हलका केला, नखानं टेकवावा तसा. तरीही चाकानं तसंच धरलं. तिच्या मानेतून एक कळ निघाली आणि पाठीत जाऊन बसली.

काल अमावस्या होती. आज पुन्हा तेच.

दिवाळीपासून हे चाललं होतं. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी गाडी पिसाळायची. आठ-दहा दिवस छळायची, मग हळूहळू शांत व्हायची. आणि आता बरी झाली म्हणेस्तोवर पुढची अमावस्या यायची. गल्लीतल्या बायकांचं निदान कधीच झालं होतं: नजर. बंपरला लिंबू-मिरची, मागच्या फळीवर काळी बाहुली, स्टीअरिंगला काळा दोरा. सगळं बांधून झालं. गाडीच्या अंगावर आता आणखी काही बांधायला जागा उरली नव्हती.

सुधाकरचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं निदान वेगळं होतं. त्याच्या मते दोष कमलच्या पायात होता.

"पायाचं वय होतं, कमल," गेल्या महिन्यात जेवताना तो म्हणाला होता. "तुला वाटतं हळू दाबला. पण पाय जड पडतो. तुला समजत नाही ना."

"माझा पाय, आणि मला समजत नाही?"

"अगं, म्हाताऱ्या माणसाला आपण मोठ्यानं बोलतोय हे समजतं का? तसंच."

"आबा ऐकतायत."

"आबांना ऐकू कुठं येतं!"

"मला ऐकू येतं," कोपऱ्यातून आबा, तिचे सासरे, म्हणाले आणि पुन्हा भाकरी दुधात कुस्करायला लागले.

त्या दिवशी वीसेक मडकी फुटली होती. देपालपूरकडच्या एका गावातल्या कुंभारांकडून मडकी, सुरया, चहाचे कुल्हड भरून इंदूरच्या दुकानांत पोचवायची, हा कमलचा धंदा. थरावर थर रचायचे, मध्ये गवत पसरायचं आणि सबंध वाटभर मागं कान ठेवून गाडी चालवायची. मडकी एकमेकांना टेकली की कसा आवाज येतो, तडा जातो तेव्हा कसा येतो आणि फुटतात तेव्हा कसा, हे तिला मागं न बघता कळायचं. त्या दिवशी एका कुत्र्यासाठी तिनं ब्रेकला पाय लावला आणि मागं तिसरा आवाज आला. दुकानदारानं खापरं बघून फक्त एवढंच म्हटलं, "भाभीजी, पैले तो ऐसा नहीं होता था." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग सुधाकरनं ठरवून टाकलं. गल्लीतला संताजी आजकाल मोकळाच होता. टेम्पो विकून बसलेला, चांगला ड्रायव्हर. "येत्या अमावस्येनंतर पुन्हा एक जरी मडकं फुटलं ना, तर गाडी संताजीच्या हातात द्यायची. तू बाजूला बसून हिशेब बघ. बास. किती वर्षं मरमर करशील?"

त्यात मायाही होती, म्हणून तिला भांडता आलं नव्हतं.

खरं तर ही पिकअप घेतली होती सुधाकरनंच, स्वतः चालवायची म्हणून. हौसेनं हार घातला, पेढे वाटले, लायसन्स काढलं. पण चौक आला की तो डोळे मिटायचा. पापणी लवल्यासारखे नव्हे, व्यवस्थित मिटायचा, देवासमोर उभा असल्यासारखे. कमल शेजारी बसून सांगायची, "अहो, उघडा! उघडा आता, बस गेली." एकदा बडा गणपतीच्या चौकात चारी बाजूंनी हॉर्न वाजत असताना त्यानं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि खाली उतरून म्हणाला, "तू घे."

तिचं माहेर देवासचं. लग्नाआधी काकाचा ट्रॅक्टर तिनं शेतात फिरवला होता, एवढीच शिदोरी. चौकातला ट्रॅफिक-पोलीस शिट्टी वाजवायची विसरून बघत राहिला. ती सरकून स्टीअरिंगमागं बसली, क्लच दाबला आणि गाडी काढली. तेव्हापासून तीच बसते. सुधाकर पुढं सांवेर रोडवरच्या एका गोदामावर सिक्युरिटी गार्ड झाला आणि तिथं स्टुलावर बसून त्याला वाहतुकीविषयी पुष्कळ मतं सुचायला लागली.

सवय म्हणजे काय असते? पहाटे उठून पिकअपची चावी घ्यायची, आबांना चहा द्यायचा, गवत झटकायचं. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी त्या सीटवर बसलं की तिचे हातपाय आपापली कामं विसरत नसत. त्या सीटवर तिला कुणी वहिनी म्हणत नसे, सूनबाई म्हणत नसे. मागचा ट्रकवाला फार तर म्हणायचा, "ओ पिकअप!"

पण एकच गोष्ट महिनोन्महिने सगळ्यांनी सांगितली की ती खरी वाटायला लागते. अलीकडे दुपारी सगळं आवरलं की कमल आपल्या जुन्या पायमशीनसमोर बसायची. कापड नाही, दोरा नाही. नुसती पायटी हलवायची. हळू. आणखी हळू. मग ठरवून एका टाक्यावर थांबवायची. थांबायचं मशीन. ऐकत होता पाय. मग गाडीतच का ऐकत नाही? मशीन कुरकुरायचं. तेल द्यायला हवं होतं, पण लांब चोचीची तेलाची कुपी दिवाळीपासून सापडत नव्हती.

आज मात्र तिनं देपालपूरचा रस्ता धरलाच नाही. कुंभाराला फोन करून सांगितलं, उशीर होईल. आणि गाडी सांवेर रोडकडं वळवली. दर वेळी ती काम संपवून, मडकी उतरवून, चार दिवसांनी सवड काढून गॅरेजला जायची. आज सवड नव्हतीच, पण हा झटका अजून गरम असताना कुणाच्या तरी हातात द्यायचा होता.

परेशचं गॅरेज म्हणजे दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात एक पत्रा आणि त्याखाली खड्डा. परेश चाळिशीचा, कपाळावर कायम काळा डाग, पूजा केल्यासारखा. तिची गाडी बघताच त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"काकी, नको. सकाळी-सकाळी नको."

"मलाही नको होतं."

"परत तेच?"

"तेच."

"उजवं मागचं?"

"तू सांग ना, डॉक्टर तू आहेस."

"यार, मी डॉक्टर असतो तर पेशंट तीनदा मेला असता." तो गाडीभोवती फिरला. "पहिल्यांदा आलात, ब्रेकचे लायनर ओले होते. मी म्हटलं, अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलं. बदललं. बरोबर?"

"बरोबर."

"दुसऱ्यांदा आलात, परत ओले. म्हटलं सील नाही, चाकातलं ब्रेकचं सिलिंडर गळतंय. तेही बदललं. ड्रम खरादीवर घासून आणला. लायनर नवे. तिसऱ्यांदा..."

"तिसऱ्यांदा तू म्हणालास, काकी, पाय हलका ठेवा."

परेशनं कानामागं खाजवलं. "म्हटलं होतं मी असं?"

"हव."

"मग आता काय म्हणू? गाडी विका?"

"आता काही म्हणू नकोस. चालवून बघ."

तो बसला, ती शेजारी. बोळातून बाहेर, कारखान्यांच्या रस्त्यावर. एका भिंतीपाशी रस्ता मोकळा होता. परेशनं वेग घेतला आणि ब्रेकवर पाय ठेवला, अगदी अलगद. तिनं त्याच्या पायाकडंच बघितलं होतं. गाडीनं मागचा उजवा खूर रोवला. परेशचं डोकं पुढं गेलं आणि मागं आलं.

"आई शप्पथ," तो म्हणाला.

"कसा होता तुझा पाय?"

"हलका होता, काकी."

"फुलासारखा?"

"बस ना आता."

त्यानं पुन्हा दाबून बघितलं, मग पुन्हा. चार-पाच ब्रेकांनंतर त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. कमलही उतरली.

"वास येतोय तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"येतोय ना. कुणीतरी पुऱ्या तळतंय."

"कुठं? इथं तर नळ्यांचा कारखाना आहे."

कमलनं मान फिरवून बघितलं. खरंच, दूरवर एकही ठेला नव्हता. हा वास तिला महिनोन्महिने येत होता. राजवाड्यापाशी यायचा, मालवा मिलपाशी यायचा, गल्लीत यायचा. ह्या गावात तळणीचा वास आला म्हणून कुणी गाडी थांबवून बघेल का? सकाळी कचोरी, दुपारी समोसा, संध्याकाळी सगळंच. तिनं कधी नाक वळवून बघितलं नव्हतं, की वास आपल्याबरोबर चाललाय.

गॅरेजात परत आल्यावर परेशनं पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर चढवली. उजवं चाक काढलं. ड्रमवर हातोडीनं गोल फिरत टक, टक, टक केलं आणि तो ओढून बाहेर काढला. आत दोन लायनर, चंद्रकोरीसारखे समोरासमोर. त्यानं टॉर्च तोंडात धरला आणि वाकला. मग टॉर्च काढून म्हणाला, "इकडं या. तुम्हीच बघा."

कमल गुडघ्यावर हात देत खाली बसली.

"हे बघा सील. पहिल्यांदा आलात तेव्हा टाकलेलं. कोरडं ठाक. हे सिलिंडर." त्यानं सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखानं उचलून आत दाखवली. "इथं थेंब नाही. बरोबर? अ‍ॅक्सलचं ऑइल नाही आलं, ब्रेकचं ऑइल नाही आलं. आणि हे?"

मागच्या बाजूच्या लायनरवर एक ओला ओघळ होता. मधून सुरू होऊन खाली गेलेला, कडांना काळपट, मध्ये पिवळा.

"थोडंसं तेल लागलं ना लायनरला, तर लोकांना वाटतं ब्रेक घसरेल. तसं नाही होत. तेल तापतं, चिकट होतं, मग लायनर ड्रमला असा पकडतो की सोडतच नाही. तेच होतंय. पण आलं कुठून?" त्यानं बोट लावलं, नाकापाशी नेलं. "अ‍ॅक्सलचं ऑइल सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. हे नाही मारत. ब्रेकचं ऑइल पाण्यानं धुतलं जातं." त्यानं पाण्याच्या बाटलीतून बोटावर धार सोडली. तेलाचे मणी होऊन बोटावरच राहिले. "हे धुतलं जात नाही. दर वेळी तुम्ही चार दिवसांनी यायच्या, तोपर्यंत जळून काळं झालेलं असायचं, सगळी तेलं सारखीच दिसायची. आज ताजं आहे. हे मशीनचं तेलच नाही, काकी. हे..."

कमलनं आपलं बोट ओघळाला लावलं आणि हुंगलं.

तीळ.

आबांच्या गुडघ्यांचा वास. संक्रांतीच्या आधीच्या रात्रीचा, घाण्यावरून आणलेल्या डब्याचा वास.

परेश तोवर चाकाच्या मागच्या बाजूला गेला होता. ड्रमच्या पाठीला जो पत्रा असतो, त्याला एक छोटी खिडकी असते. चाक न काढता लायनर किती झिजला ते बघायला. तिच्यावर रबरी बूच असतं. परेशनं ते उपटलं. बूच बोटांतून निसटलं, इतकं तेलकट होतं.

"इथून घातलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम बूच काढून आत तेल सोडलंय. काकी, दुश्मनी आहे का कुणाशी? तुमच्या गाडीवर कुणाचा डोळा? तो कोण तुमच्या गल्लीतला, टेम्पो विकलेला..."

"संताजी?"

"तोच. गाडी त्याच्या हातात जाणार म्हणत होतात ना तुम्ही? फायदा कुणाचा? मी तर म्हणतो, आज रात्री दोन पोरं घेऊन येतो..."

"काही येऊ नकोस. घरचंच आहे."

"म्हणजे?"

कमल उठली नाही. खाली बसल्या बसल्याच तिनं पाठ मडगार्डला टेकवली. अमावस्येला त्या गावचे कुंभार चाक फिरवत नाहीत, म्हणून त्या दिवशी माल नसतो आणि गाडी गल्लीत उभी असते. डावी बाजू भिंतीला चिकटून, उजवी मोकळी. दुपारी ती डोळा लावते. आबा दुपारी झोपत नाहीत.

"माझा सासरा," ती म्हणाली. "ओंगण घालतोय."

"काय घालतोय?"

"बैलगाडीच्या, टांग्याच्या चाकाला तेल नाही का देत, आसाला? त्याला ओंगण म्हणतात. आबा टांगा चालवायचे, राजवाडा ते स्टेशन. त्यांचे आजे-पणजे होळकरांच्या तोफखान्यात. सरदार-बिरदार नाही हं. तोफांच्या गाड्यांना ओंगण घालायचे. दर अमावस्येला चाकाला तेल द्यायचं, हे त्यांच्या घरात चालत आलंय. पिकअप आली तेव्हापासून चाकावर कुंकू लावून एक थेंब वरून सोडायचे. मी बघायचे. तेवढ्यानं काय होतंय?"

"मग हे आतमध्ये..."

"तू सांग. हे बूच त्यांना कुणी दाखवलं?"

परेशनं हातातल्या बुचाकडं बघितलं. मग डोळे मिटले, अगदी सुधाकरसारखे.

"दिवाळीच्या आधी," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर आले होते. इथंच स्टुलावर बसले होते. मी बूच काढून लायनर बघत होतो. त्यांनी विचारलं, पोरा, हे भोक कशाला? मी म्हटलं... घाईत होतो यार... म्हटलं, बाबा, चाकाच्या आतलं सगळं इथूनच करायचं."

शेजारच्या कारखान्यात कापणीचं यंत्र किंचाळत होतं.

"नवे लायनर टाक," शेवटी कमल म्हणाली.

"दोन्हीकडं टाकावे लागतील. एकीकडं नवे, एकीकडं जुने असले तर गाडी परत ओढेल. ड्रम धुऊन घेतो. पण काकी, त्यांना सांगा हं. घरचे बुजुर्ग आहेत म्हणून गप्प बसाल. भरलेल्या गाडीचं चाक उतारावर असं अडकलं तर मडकी नाही फुटणार, डोकी फुटतील."

"सांगते."

"आणि तो पायाबद्दल मी..."

"काम कर रे बाबा."

दुपार कलली तेव्हा ती घरी आली. त्या दिवशी मडकी आलीच नाहीत. आबा ओट्यावर बसले होते, पाय खाली सोडून, रस्ता बघत. त्यांना दिवसभर तेवढंच काम असायचं: कोण गेलं, कोण आलं. गाडी लागल्याचा आवाज ऐकून ते उठले.

"आज लवकर?"

कमल त्यांच्या शेजारी बसली. येताना वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, गोड-गोड, आडून-आडून. आता त्यातलं एकही उचलायची ताकद नव्हती.

"आबा, माझ्या मशीनची तेलाची कुपी द्या."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग बंडीच्या खिशात हात घातला. लांब चोचीची कुपी निघाली, तेलानं तुकतुकीत.

"तुला लागत नसेल असं वाटलं. चोच बरोबर जाते त्यात."

"त्या भोकात तेल घालू नका. तिथं ब्रेक असतो."

"चाकाच्या आत?"

"चाकाच्या आत."

"गाडी थांबवायचं सामान चाकाच्याच पोटात ठेवलंय?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "टांग्याचा लगाम आपल्या हातात असायचा."

"ह्याचं तसंच असतं. तेल लागलं की ब्रेक एकदम धरतो."

आबांनी मान हलवली, ठीक आहे म्हणून. मग मान हलायची थांबली.

"कधीपासून धरतोय?"

"दिवाळीपासून."

"मी पण दिवाळीपासूनच..." ते थांबले. "ती मडकी?"

नाही आबा, त्यामुळं नाही, असं म्हणावंसं तिला वाटलं. जीभ वळली नाही. फार दमली होती.

"हो," ती म्हणाली.

रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली. आबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"चाक आवाज करत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं ओंगण लागू पडतंय." आणि थोड्या वेळानं, "तू सुधाकरला सांगितलंस?"

"नाही अजून."

"नको सांगू."

कमलनं ओठ घट्ट मिटले. म्हणजे हे असंच. म्हणजे पाय माझाच. तिनं कुपी उचलली आणि आत जायला उठली.

"बस खाली," आबा म्हणाले. "नको सांगू म्हणजे मी सांगतो. तू सांगितलंस तर तो म्हणेल, सासऱ्यावर ढकलते."

सुधाकर ड्युटीवरून आला तो संताजीला बरोबर घेऊनच. संताजी दारात चपला काढत होता, हसत होता. "वहिनी, बस काय, आता आराम करा. मी आहे ना!"

"कमल, गाडीची चावी दे जरा," सुधाकर म्हणाला. "उद्या संताजी एक फेरी मारून बघतो. आज परत ब्रेकची भानगड झाली ना? पोहेवाल्यानं सांगितलं मला. मडकं फुटायची वाट कशाला बघायची? आता मी काही ऐकणार नाही."

"ऐकशील," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही नका पडू ह्यात."

"मीच पडलोय ह्यात. ब्रेकमध्ये तेल मी घातलं. बूच काढून, त्या लांब चोचीनं. दर अमावस्येला."

सुधाकर त्यांच्याकडं वळला. संताजी एक चपल पायात, एक हातात, असा जागच्या जागी थांबला.

"तुम्ही? कशाला?"

"ओंगण म्हणून. मला काय माहीत आत काय आहे ते? मी टांगेवाला माणूस. तू महिनोन्महिने हिला पाय-पाय करत होतास, मी ऐकत होतो. भाकरी खात होतो." आबांचा आवाज चिरकला, मग पुन्हा लागला. "पाय बरोबर होता तिचा. हात माझा चुकला. बाबा संताजी, चहा घेऊन जा, पण चावी मागू नकोस."

"नाही, नाही काका, मी तर असाच..." संताजी चपल घालायला लागला, उलटी.

"अहो, चहा घ्या," कमल म्हणाली. "चहाला कुठं ब्रेक लागतो?"

कुणी हसलं नाही. संताजीनं चहा घेतला, बशीत ओतून, घाईघाईनं, आणि गेला. सुधाकर बराच वेळ खुर्चीत बसून होता. युनिफॉर्मची टोपी गुडघ्यावर.

"मला सांगायचंस ना," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगायचं?"

"की पाय बरोबर आहे."

"सांगितलं होतं," कमल म्हणाली. "रोज सांगत होते."

सुधाकर उठला. ताटं घेतली, पाट मांडले, आबांच्या दुधात भाकरी त्यानंच कुस्करली, जरा जास्तच बारीक.

पुढच्या अमावस्येला कमल दुपारी झोपली नाही. खिडकीतून बघत होती. आबा बाहेर आले, उजव्या चाकापाशी बसले, कुंकवाचं बोट लावलं. मग नुसतेच बसून राहिले. हात मांडीवर, तळवे वर, रिकामे. टांगा गेला, घोडी गेली, आता हेही. ते तिला फार वेळ बघवलं नाही.

ती कुपी घेऊन बाहेर गेली.

"आबा, इकडं या. मागं."

तिनं डाल्याची फळी खाली सोडली. बिजागऱ्या किंचाळल्या, बाजूच्या ओट्यावरचं मांजर पळालं. गेली कित्येक वर्षं त्या अशाच किंचाळत होत्या आणि घरात कुणालाच ते ऐकू येत नव्हतं.

"इथं घाला."

आबांनी वाकून बघितलं. "हा आस नाही."

"नाही. पण ओरडतोय."

त्यांनी कुपी घेतली. चोच बिजागरीच्या फटीला लावली, एक थेंब, थांबले, फळी थोडी वर-खाली केली, दुसरा थेंब. बोटानं पुसून घेतलं, घोड्याच्या अंगावरचा घाम पुसावा तसं. एक झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी फळी खाली आली तेव्हा नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज झाला.

"चाकाचं?" त्यांनी तिच्याकडं न बघता विचारलं.

"चाकाचं मी बघते."

"बघ," ते म्हणाले आणि कुपी परत बंडीच्या खिशात टाकली. मशीनसाठी तिला दुसरी आणावी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी गावात मडकी भरताना कुंभारानं फळी उघडली आणि चमकून कमलकडं बघितलं. "भाभी, नवी गाड़ी लाया कईं?"

"नाही भिया. तीच."

परतीला सूर्य डोळ्यांवर होता. मागं सुरयांचा थर, त्यावर गवत, त्यावर कुल्हड. इंदूरच्या अलीकडं एक म्हैस रस्त्यात आली, सावकाश, मालकिणीसारखी. कमलनं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली. मागं मडकी एकमेकांना टेकली. पहिला आवाज, साधा.

तरी तिची मान ताठ होती, खांदे कानांपर्यंत चढलेले, दात दातांवर, तो झटका यायची वाट बघत. म्हैस गेली. रस्ता मोकळा झाला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, "ओ पिकअप!"

कमलनं खांदे खाली सोडले, एक-एक करून, आणि गाडी पुढं घेतली. पुढच्या ब्रेकला ते पुन्हा वर चढले.